यजमान आणि पाहुणा : डेरी सिटी फुटबॉल क्लबच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

१

क्रीडासंस्थांचा इतिहास हा गंभीर अभ्यासाचा विषय होऊ शकतो की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. तो इतिहास कोणत्या पद्धतीने लिहावा, हा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे. आणि ज्या नगराचे धर्म, राजकारण वा सीमारेषा यांमुळे दोन तुकडे झाले आहेत, अशा नगरातील क्लबच्या बाबतीत तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. अशा क्लबच्या इतिहासासाठी एक रूपक सर्रास वापरले जाते, ते आरशाचे. नगर दुभंगले, म्हणून क्लब दुभंगला. नगरात दंगल झाली, म्हणून मैदानात दंगल झाली. क्लब म्हणजे नगराचे प्रतिबिंब, असे हे प्रतिपादन असते. या रूपकात सोय पुष्कळ आहे, परंतु त्यात एक मूलभूत दोषही आहे. आरसा स्वतः काहीच करीत नाही. क्लब ही मात्र ठराव करणारी, अर्ज करणारी, भाडे भरणारी आणि प्रसंगी नकार देणारी संस्था असते.

उत्तर आयर्लंडमधील डेरी या नगरातील ‘डेरी सिटी’ या क्लबचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. हा इतिहास आजवर प्रायः तीन प्रकारांनी सांगितला गेला. पहिल्या प्रकारात क्लब हा नगराचा आरसा ठरतो, दुसऱ्यात तो अन्यायाचा बळी ठरतो, आणि तिसऱ्यात वनवासातून परतलेला वीर ठरतो. या तिन्ही कथांत सत्याचा अंश आहे. परंतु फुटबॉलच्या रचनेतील एका साध्या गोष्टीकडे तिन्ही कथांचे दुर्लक्ष झाले आहे. हंगामातील निम्मे सामने क्लब यजमान म्हणून खेळतो आणि निम्मे पाहुणा म्हणून. पाहुणा आला नाही, तर यजमानाला स्वतःच्या मैदानावर सामना खेळताच येत नाही. डेरी सिटीच्या इतिहासातील निर्णायक प्रसंग या एका गोष्टीभोवती फिरतात, असे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

नगराची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. फॉइल नदी नगरातून वाहते. पश्चिम तीरावर जुने तटबंदीचे शहर आणि त्याच्या बाहेर बॉगसाइड, क्रेगन, ब्रँडीवेल या प्रामुख्याने कॅथलिक, राष्ट्रवादी वस्त्या आहेत; पूर्व तीरावरील वॉटरसाइडमध्ये प्रोटेस्टंट, ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या समाजाचे प्रमाण मोठे आहे. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि सीमारेषा या नगरापासून अवघ्या काही मैलांवर आली. नगरात कॅथलिकांची बहुसंख्या असूनही वॉर्डांची आखणी अशी करण्यात आली होती की, नगरपालिकेची सत्ता युनियनिस्टांच्याच हाती राहावी. १९६९ च्या कॅमेरॉन आयोगाच्या अहवालाने ही गोष्ट अधिकृतपणे नोंदविली. नगराचे नावदेखील वादातीत नाही. एका पक्षाला ते ‘डेरी’ आहे, दुसऱ्याला ‘लंडनडेरी’.

१९२८ मध्ये स्थापन झालेल्या क्लबने ‘डेरी सिटी’ हे नाव घेतले, यात काही एक विचार दिसतो. नगरात यापूर्वी ‘डेरी सेल्टिक’ नावाचा क्लब होता. तो १९१३ मध्ये लीगबाहेर पडला. ‘सेल्टिक’ हे नाव एका समाजाचे निदर्शक ठरले असते, ‘लंडनडेरी’ दुसऱ्याचे. ‘सिटी’ या शब्दाने नगराचा निर्देश झाला, समाजाचा झाला नाही. १९२९ मध्ये क्लब आयरिश लीगमध्ये दाखल झाला. येथे नावांचा घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट केले पाहिजे की, ‘आयरिश लीग’ ही उत्तर आयर्लंडची लीग होय, आणि ‘लीग ऑफ आयर्लंड’ ही सीमेपलीकडील प्रजासत्ताकाची. क्लबने ज्या मैदानावर खेळ सुरू केला, ते ब्रँडीवेल नगरपालिकेच्या मालकीचे होते. क्लब तेथे भाडेकरू होता. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, परंतु पुढील सर्व घटनांचा धागा तीतच आहे.

या पहिल्या कालखंडात क्लबचे वैभव मध्यम प्रतीचे होते. शेफील्ड युनायटेडचा विख्यात खेळाडू बिली गिलेस्पी व्यवस्थापक म्हणून आला आणि त्याच्या जुन्या क्लबच्या सन्मानार्थ तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख स्वीकारला गेला. तोच आजही चालू आहे. १९४९, १९५४ आणि १९६४ या वर्षी क्लबने आयरिश कप जिंकला आणि १९६४-६५ च्या हंगामात लीगचे अजिंक्यपद मिळविले. खेळाडू दोन्ही समाजांतून येत, प्रेक्षकही दोन्ही तीरांवरून येत. आरशाच्या रूपकाला पहिला धक्का येथेच बसतो. ज्या नगराचा कारभार त्या चार दशकांत उघडउघड विभागणीवर चालला होता, त्याच नगरातील क्लब त्या काळात तुलनेने अविभक्त राहिला. प्रतिबिंब बिंबासारखे नव्हते.

३

१९६५ च्या शरदात घडलेला एक प्रसंग पुढील इतिहासाची पूर्वसूचना मानावा लागतो. युरोपियन कप स्पर्धेत डेरी सिटीने ऑस्लोच्या लिन संघाला दोन सामन्यांच्या एकत्रित हिशेबात ८-६ असे हरविले. आयरिश लीगमधील संघाने अशा दोन सामन्यांच्या लढतीत युरोपीय स्पर्धेत मिळविलेला हा पहिला विजय होता, आणि तो निश्चित करणारा ५-१ चा सामना ब्रँडीवेलवर झाला होता. पुढील फेरीत बेल्जियमच्या अँडरलेख्टने आपल्या मैदानावर डेरीचा ९-० असा दारुण पराभव केला. परतीचा सामना मात्र झालाच नाही. ब्रँडीवेल हे मैदान स्पर्धेस योग्य नाही, असा निर्णय बेलफास्ट येथील आयरिश फुटबॉल असोसिएशनने दिला, आणि अन्यत्र खेळण्यास क्लबने नकार दिला. ज्या मैदानावर आदल्याच फेरीचा सामना सुरळीत पार पडला, ते एकाएकी अयोग्य कसे ठरले, हा प्रश्न डेरीत विचारला गेला आणि त्यामागे सांप्रदायिक हेतू असल्याचा संशय बळावला. ९-० च्या पराभवानंतर परतीच्या सामन्याला क्रीडादृष्ट्या अर्थ उरला नव्हता. तरीही क्लबने यजमानपदाचा आग्रह सोडला नाही. हा हट्ट नसून तत्त्वाचा प्रश्न होता, हे पुढील घटनांवरून कळते.

जानेवारी १९६९ मध्ये बेलफास्टचा लिनफील्ड संघ ब्रँडीवेलवर खेळत असता दंगल झाली आणि लिनफील्डच्या प्रेक्षकांना मध्यंतराला बाहेर काढावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉगसाइडची लढाई झाली. पाठोपाठ ब्रँडीवेलच्या सभोवतालचा प्रदेश पोलिस व सैन्य यांच्या अमलाबाहेर गेला. सप्टेंबर १९७१ मध्ये सामन्यासाठी आलेल्या बॅलिमीना युनायटेडच्या संघाची बस पळवून जाळण्यात आली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ब्रँडीवेलवर सामने खेळण्यास मनाई केली आणि क्लबला ‘घरचे’ सामने तीस मैलांवरील कोलरेन येथे खेळावे लागले. घरचा सामना परगावी, ही विसंगती एक हंगाम टिकली. प्रेक्षक आटले, तिजोरी रिकामी झाली.

यानंतरचा घटनाक्रम महत्त्वाचा आहे. १९७२ मध्ये सुरक्षा अधिकाऱ्यांनी परिस्थितीची पुन्हा पाहणी करून ब्रँडीवेलवरील बंदी उठविली. लीगमधील अन्य मैदानांपेक्षा ते अधिक धोकादायक नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रश्न आता लीगमधील अन्य क्लबांपुढे आला. त्यांनी मतदान केले आणि डेरीची परत येण्याची मागणी एका मताने फेटाळली गेली. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी क्लबने वरिष्ठ फुटबॉलमधून अंग काढून घेतले.

४

आरशाची कथा या ठिकाणी पुरती कोलमडते. क्लबला लीगबाहेर ढकलणारा निर्णय नगरात झाला नाही, बॉगसाइडच्या अडसरांवर झाला नाही आणि सैन्याच्या कचेरीतही झाला नाही. तो लीगच्या सभेत झाला, आणि शासनसंस्थेने अनुमती दिल्यानंतर झाला. नगराच्या दुभंगाने परिस्थिती निर्माण केली, हे खरे. परंतु परिस्थिती आणि निर्णय यांत भेद न करणारा इतिहासकार कार्यकारणभावाची गल्लत करतो.

हीच गोष्ट त्याच प्रदेशातील अन्य दोन क्लबांच्या तुलनेने अधिक स्पष्ट होते. बेलफास्टमध्ये ‘बेलफास्ट सेल्टिक’ हा प्रामुख्याने कॅथलिक समाजाचा क्लब होता. २७ डिसेंबर १९४८ रोजी लिनफील्डच्या विंडसर पार्क मैदानावर सामना संपताच प्रेक्षकांनी त्याच्या जिमी जोन्स या खेळाडूवर हल्ला करून त्याचा पाय मोडला. जोन्स स्वतः प्रोटेस्टंट होता. आरशात पाहून या घटनेचा उलगडा होत नाही. कारण मार खाणारा आणि मारणारे एकाच समाजाचे होते, आणि तरीही हल्ला सांप्रदायिकच होता. त्या हंगामाच्या अखेरीस, १९४९ मध्ये, बेलफास्ट सेल्टिक लीगमधून बाहेर पडला आणि पुन्हा कधीच परतला नाही. येथे पाहुणा म्हणून जाणे अशक्य झाले आणि क्लब संपला.

दुसरा क्लब उत्तर बेलफास्टमधील क्लिफ्टनव्हिल. त्याचे मैदानही संघर्षाच्या टापूत होते. परंतु १९७० पासून १९९८ पर्यंत लिनफील्डविरुद्धचा त्याचा ‘घरचा’ सामना लिनफील्डच्याच मैदानावर खेळविला गेला. अठ्ठावीस वर्षे एका पाहुण्यापुरते यजमानपद गहाण टाकून क्लिफ्टनव्हिल लीगमध्ये राहिला.

तीन क्लब, एकच संघर्ष आणि तीन भिन्न परिणाम. क्लब हा जर नगराचा आरसाच असता, तर एकाच संघर्षाची अशी तीन प्रतिबिंबे पडली नसती. फरक पडला तो यजमान आणि पाहुणा यांच्यातील व्यवहारामुळे. बेलफास्ट सेल्टिकने पाहुणा होण्याचे नाकारले, क्लिफ्टनव्हिलने यजमानपदाचा काही भाग सोडला, आणि डेरीला सगळेच यजमानपद सोडावयास सांगण्यात आले, ते त्याने मान्य केले नाही.

५

दुसरी कथा बळीची. ती नगरात आजही प्रिय आहे, आणि तिला आधार नाही असे म्हणता येत नाही. १९६५ चा निर्णय, १९७२ चे मतदान आणि पुढील तेरा वर्षांत पुनःप्रवेशासाठी केलेल्या अर्जांची वारंवार झालेली नामंजुरी ही मालिका ज्याच्या वाट्याला आली, त्याने तिच्यामागे एकच हेतू पाहावा, हे स्वाभाविक आहे.

तथापि या कथेची चिकित्सा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, पाहुण्या संघांची भीती निराधार नव्हती. बॅलिमीनाची बस खरोखरच जळाली होती. मत देणाऱ्याचा हेतू मतपत्रिकेवर लिहिलेला नसतो. एकाच नकारात भय, व्यवहार आणि द्वेष हे तिन्ही एकत्र नांदू शकतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नकार डेरीच्या संघाला नव्हता, ब्रँडीवेलला होता. कोलरेनमध्ये खेळणारा डेरी सिटी लीगला चालत होता. अकरा खेळाडू, पोशाख, नाव हे सर्व मान्य होते. अमान्य होती ती केवळ जागा.

स्थानिक क्लब म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. खेळाडू बदलतात, व्यवस्थापक येतात आणि जातात, चालकांची एक पिढी मागे पडून दुसरी येते. क्लबचे स्थानिकत्व टिकते ते त्या जागी पाहुण्याला बोलावण्याच्या अधिकारात. तो अधिकार काढून घेऊन उरलेला क्लब स्वीकारणे म्हणजे नगराला वगळून नगराचा क्लब स्वीकारणे होय. कोलरेनचे नाव डेरीच्या नागरिकांना आणखी एका कारणाने बोचत होते. १९६५ मध्ये लॉकवुड समितीने नव्या विद्यापीठासाठी डेरीला डावलून कोलरेनचीच शिफारस केली होती आणि त्याविरुद्ध नगरातील दोन्ही समाजांनी एकत्र निदर्शने केली होती. विद्यापीठ आणि फुटबॉल या दोन गोष्टींची तुलना विनोदी वाटण्याचा संभव आहे. परंतु नगराची प्रतिष्ठा ज्या संस्थांवर उभी असते, त्या एकामागून एक त्याच गावी जाताना पाहणाऱ्यांना त्यात विनोद दिसला नाही.

बळीच्या कथेचा दोष असा की, ती क्लबच्या आग्रहाला केवळ दुःखाचे रूप देते. वस्तुतः प्रत्येक पुनःप्रवेशाच्या अर्जात क्लबने ब्रँडीवेलचाच उल्लेख घरचे मैदान म्हणून केला. दुसरे मैदान सुचविले असते, तर कदाचित प्रवेश मिळाला असता. ही निवड होती, आणि निवड करणारा केवळ बळी नसतो.

६

तिसरी कथा पुनरागमनाची. १९७२ ते १९८५ ही तेरा वर्षे डेरीत रानावनातील वर्षे म्हणून ओळखली जातात. मराठी वाचकाला येथे पांडव आठवल्यावाचून राहणार नाहीत. त्यांचाही वनवास आणि अज्ञातवास मिळून काळ तेरा वर्षांचाच. परंतु वनवास या शब्दात मुदतीची कल्पना अंतर्भूत आहे. पांडवांना दिवस मोजता येत होते. डेरी सिटीच्या चालकांपुढे अशी कोणतीही मुदत नव्हती. १९७८ मध्ये कोणीही हिशेब करून सात वर्षे उरली असे म्हणू शकत नव्हते. घटना घडून गेल्यावर तिचा शेवट आरंभाला चिकटविणे, हा पुनरागमनकथेचा नेहमीचा दोष आहे.

शिवाय ती वर्षे रिकामी नव्हती. क्लब शनिवार सकाळच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळत राहिला. दुसरीकडे, सीमेपलीकडे डॉनेगल परगण्यातील बॅलिबोफे येथील फिन हार्प्स हा क्लब १९६९ मध्ये लीग ऑफ आयर्लंडमध्ये दाखल झाला होता आणि १९७४ मध्ये त्याने प्रजासत्ताकाचा कप जिंकला. डेरीतील अनेक फुटबॉलप्रेमी आठवड्याच्या अखेरीस सीमा ओलांडून तेथे जाऊ लागले. या सवयीचे महत्त्व कमी लेखता येत नाही. १९८५ मध्ये लीग ऑफ आयर्लंडने दोन विभागांची नवी रचना केली आणि डेरी सिटीला प्रवेश दिला, त्याला बेलफास्टच्या असोसिएशनने व फिफाने संमती दिली. ज्याला चमत्कार म्हटले जाते, त्याची पायवाट प्रेक्षकांनी आधीच तुडवून ठेवली होती. सप्टेंबर १९८५ मध्ये डब्लिनचा होम फार्म हा संघ ब्रँडीवेलवर आला. डेरीने सामना ३-१ असा जिंकला. परंतु त्या दिवसाचे खरे यश पाहुणा आला हेच होते.

यानंतर वैभवाची वर्षे आली. १९८६-८७ मध्ये क्लब वरच्या विभागात चढला, आणि १९८८-८९ मध्ये नगराचाच सुपुत्र असलेल्या जिम मॅक्लॉक्लिनच्या व्यवस्थापनाखाली लीग, लीग कप आणि एफ.ए.आय. कप हे तिन्ही मान एकाच हंगामात मिळविले. त्याच वर्षी युरोपियन कपसाठी पोर्तुगालचा बेन्फिका ब्रँडीवेलवर उतरला. चोवीस वर्षांपूर्वी जे यजमानपद नाकारले गेले होते, ते अशा रीतीने वसूल झाले. उल्लेखनीय गोष्ट अशी की, या सामन्यांचा बंदोबस्त पोलिसांनी केला नाही. पोलिसांची उपस्थितीच चिथावणी ठरण्याचा संभव असल्यामुळे क्लबच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था ठेवावी, अशी खास सवलत युएफाने दिली होती. पाहुण्याच्या सुरक्षिततेची हमी आता शासनाऐवजी यजमान देत होता, आणि पाहुणा ती मानत होता. १९७२ मध्ये नेमका हाच विश्वास लीगला वाटला नव्हता.

७

परंतु चिकित्सकाने येथेच थांबणे योग्य नव्हे. १९८५ च्या निर्णयाने क्लब वाचला. नगराच्या दृष्टीने त्याची किंमत काय पडली, हा प्रश्न विजयाच्या कथेत दडपला जातो. १९२८ मध्ये ज्याने दोन्ही समाजांना सामावणारे नाव जाणीवपूर्वक स्वीकारले, तो क्लब आता दुसऱ्या राज्याच्या लीगमध्ये खेळू लागला. फॉइलच्या पश्चिम तीरावरील प्रोटेस्टंट वस्ती संघर्षाच्या काळात मोठ्या प्रमाणावर पूर्व तीराकडे सरकली होती. तटाखालील फाउंटन ही छोटी वसाहत तेवढी उरली. वॉटरसाइडमधील ज्या कुटुंबाचे वडीलधारे पूर्वी पूल ओलांडून ब्रँडीवेलला जात, त्यांच्या मुलांना डब्लिनकडे तोंड केलेल्या या क्लबविषयी आपलेपणा वाटणे कठीण झाले. क्लबने कोणालाही दार बंद केले नव्हते. तरीही लीगची निवड ही पाहुण्यांची निवड असते, आणि पाहुणे कोण येतात यावरून घर कोणाचे हे ठरू लागते. बाहेरचे पाहुणे मिळविताना घरातीलच काही माणसे परकी झाली, हे या इतिहासातील कटू सत्य आहे. त्याचा दोष क्लबवर लादणे अन्यायाचे होईल, कारण दुसरा मार्ग त्याच्यासाठी तेरा वर्षे बंद होता. पण दोष नाही म्हणून हानीही नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

बळीच्या कथेला मर्यादा घालणारी आणखी एक घटना पुढे घडली. २००९ मध्ये खेळाडूंशी केलेल्या अनियमित करारांमुळे लीग ऑफ आयर्लंडने डेरी सिटीला बाहेर काढले; पुनर्रचित क्लबला २०१० मध्ये खालच्या विभागात प्रवेश मिळाला आणि त्याच हंगामात तो वर चढला. या वेळी सांप्रदायिक हेतूचा प्रश्नच नव्हता. लीगचे सभासदत्व हा हक्क नसून सहसभासदांच्या संमतीवर चालणारा करार आहे, आणि ती संमती द्वेषाने जशी जाते, तशी हिशेबाच्या वहीनेही जाते, हे यातून दिसून आले.

पूर्वीची कोंडी कशी सुटत गेली, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र पुनरागमनाच्या कथेत सहसा सांगितले जात नाही. २००५ मध्ये लिनफील्डचा संघ छत्तीस वर्षांनंतर मैत्रीपूर्ण सामन्यासाठी ब्रँडीवेलवर आला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्व तीरावरील ड्रमाहो येथील ‘इन्स्टिट्यूट’ या क्लबचे मैदान महापुरात उद्ध्वस्त झाले. इन्स्टिट्यूट हा उत्तर आयर्लंडच्या लीगमध्ये खेळणारा क्लब. त्याला आश्रय मिळाला तो ब्रँडीवेलवर. नव्याने बांधलेल्या आणि २०१७ मध्ये अकाली निधन पावलेल्या कर्णधार रायन मॅक्ब्राइडचे नाव दिलेल्या त्याच क्रीडांगणावर. त्यामुळे २०१८ पासून उत्तर आयर्लंडच्या लीगचे क्लब नियमितपणे ब्रँडीवेलला येऊ लागले. ज्या मैदानावर येण्यास त्या लीगने १९७२ मध्ये एका मताने नकार दिला होता, तेथे तिचे सामने होऊ लागले. कोणत्याही ठरावाने नव्हे, तर नदीच्या पुराने.

या घटनेला समेटाचे प्रतीक म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण प्रतीक म्हणजे पुन्हा आरसाच. तिचा अर्थ याहून मर्यादित आणि म्हणूनच अधिक ठोस आहे. एका नगरातील दोन क्लब, दोन राज्यांच्या दोन लीगांत खेळणारे, एकाच मैदानाचे भाडेकरू झाले, आणि दोन्हींकडे पाहुणे येऊ लागले. दुभंगलेल्या नगराच्या क्लबचा इतिहास लिहिताना संघर्षाची तीव्रता किंवा चषकांची संख्या मोजण्याआधी हे मोजावे लागेल की, कोणत्या वर्षी कोण कोणाच्या घरी जात होते, कोण जात नव्हते, आणि न जाण्याचा निर्णय कोणत्या सभेत झाला. १९७२ मध्ये डेरीला तो निर्णय एका मताच्या फरकाने कळला. नगराच्या विभागणीचे खापर शतकांवर आणि धर्मांवर फोडणे सोपे असते. त्या एका मताची नोंद ठेवणे हे इतिहासकाराचे काम आहे.